तीन फेऱ्यांची पायवाट

नवरा निवृत्त झाला की बायकोचं काम दुप्पट होतं, हे शेजारच्या नर्सने रंगारीणबाईंना आधीच सांगून ठेवलं होतं. पण निवृत्त नवरा शोध लावत सुटतो, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. बाईंचे यजमान वजनमापं तपासणाऱ्या खात्यात निरीक्षक होते. उभा जन्म दुकानदारांचे तराजू उलटे करून पाहण्यात गेला. गल्लीत त्यांना तराजूसाहेब म्हणायचे. तोंडावर तराजूसाहेब आणि पाठ फिरली की नुसतं तराजू.

पहिला आठवडा त्यांनी घर तपासलं. साखरेचा डबा, तेलाची बाटली, साबणाची वडी. आठवड्याच्या शेवटी डॉक्टरांनी त्यांना चालायला सांगितलं, तेव्हा बाईंनी मनातल्या मनात डॉक्टरांच्या पाया पडून घेतलं.

दुसऱ्याच दिवशी साहेब धापा टाकत घरी आले. "अगं, ऐकलंस का? आपल्या घरापासून पाच मिनिटांवर बाग आहे! झाडं आहेत, बाकं आहेत, पोरांसाठी घसरगुंडीसुद्धा आहे!"

"त्या घसरगुंडीवर आपल्या मुलीला रोज संध्याकाळी कोण नेत होतं?" बाईंनी विचारलं.

"कोण?"

"मी."

"असं?" म्हणाले आणि बुटाची नाडी सोडू लागले. विषय संपला.

बाईंना वाटलं, नव्याचे नऊ दिवस. पण नाही. बागेनंतर साहेबांनी तळ्याकाठच्या उद्यानाचा शोध लावला, जिथं अख्खं शहर रविवारी गर्दी करतं. मग कालव्याच्या कडेच्या रस्त्याचा लावला, ज्यावरून दूधवाला रोज सायकल हाणतो. प्रत्येक शोध घरी येऊन बाईंना सांगायचे, जणू बाई कालच परगावाहून आल्या होत्या. आणि शोध म्हटला की सामान आलं. कानावर पडणारी टोपी आली, खिशाखिशांचं जाकीट आलं, दुर्बीण आली, घडी होणारी काठी आली. रस्ता सपाट, माणूस धडधाकट, काठी कशाला? तर म्हणे सगळे घेतात.

हे "सगळे" म्हणजे पायवाट मंडळ. एका माणसाला चालायला पाय पुरतात, पाच माणसांना मंडळ लागतं. दाताचे डॉक्टर मंडळाचे पुढारी, त्यांच्या गळ्यात शिट्टी. एक निवृत्त प्राचार्या होत्या, त्या चालताना मागच्यांच्या रांगा सरळ करत. नळ-पाइपांचा एक दुकानदार होता, ज्याच्या काट्यावर साहेबांनी पूर्वी कारवाई केली होती. आता दोघं गळ्यात गळा घालून पक्षी बघत. आणखी दोघं-चौघं होते, त्यांचं काम माना डोलवायचं. सकाळी गल्लीतून ही वरात निघायची तेव्हा नर्स रात्रपाळीहून परत येत असायची. ती बाईंच्या खिडकीशी थांबून म्हणायची, "ताई, आज काय शोधणार आहेत? सूर्य?"

बाईंना हसायला वेळ नसायचा. घराच्या मागच्या खोलीत त्यांचा रंगाचा कारखाना होता. कारखाना हा बाईंचा शब्द. साहेब त्याला "तुझा तो उद्योग" म्हणत. मोठाली पातेली, शेगड्या, ढवळायचे दांडे, भिंतीवर रंगाचे डबे. पडदे, चादरी, नाटकवाल्यांचे कपडे, जे येईल ते बाई रंगवत. संसार, बाळंतपण, सासूचं दुखणं, सगळं त्या पातेल्यांच्या वाफेत झालं. साहेबांना वास सहन व्हायचा नाही, म्हणून ते त्या खोलीच्या दारापर्यंत यायचे, नाक धरायचे आणि "चहा" एवढं म्हणून परत जायचे. बायको कोणता रंग करते, कुणासाठी करते, हे त्यांनी कधी विचारलं नाही. एवढं बारीक बघणारा माणूस! अर्ध्या ग्रॅमचा फरक नजरेनं ओळखायचा. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

बाईंचा एक नियम होता. रंग उन्हात टिकतो की नाही हे बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाला द्यायचा नाही. त्यासाठी त्या कापडाच्या वीतभर पट्ट्या रंगवत, प्रत्येक पट्टीच्या अर्ध्या भागावर जाड काळा कागद शिवत आणि त्या पट्ट्या उन्हात बांधून ठेवत. काही आठवड्यांनी कागद उसवला की खालचा रंग आणि उघडा रंग शेजारी शेजारी दिसतात. दोन्ही सारखे असतील तर रंग पक्का. उघडा भाग फिका पडला असेल तर गेला कामातून. घराभोवती उंच इमारती झाल्यापासून अंगणात ऊन यायचं बंद झालं. तेव्हापासून बाई पट्ट्या गल्लीच्या टोकाला असलेल्या रानात नेऊन बांधत. रान कसलं, बांधकामातून सुटलेला झाडांचा तुकडा. पण त्यात मधोमध एक मोकळी जागा होती, आणि तिच्या कडेनं सकाळचं, दुपारचं, संध्याकाळचं, सगळं ऊन मिळायचं. पूर्वी साहेब कचेरीत गेले की आणि आता ते दुपारी घोरायला लागले की बाई पिशवी घेऊन जात, पट्ट्या बघत, थोडा वेळ खारींच्या मारामाऱ्या बघत आणि परत येत.

यंदा एका सभागृहाच्या पडद्यांचं काम आलं होतं. खिडक्या चारी दिशांना, त्यामुळे पट्ट्या खूप होत्या आणि बराच काळ टांगायच्या होत्या. लाल रंग बाजारातला तयार, स्वस्तातला. निळा मात्र बाईंचा स्वतःचा. तो साधायला त्यांची कितीतरी वर्षं गेली होती. हातावरची कातडी गेली, दोनदा पातेलं करपलं, आणि एकदाचा तो जमला. खोल, शांत, जरा जांभळ्याकडे झुकलेला निळा. बाईंना स्वतःचं काही आवडायचं असेल तर हा निळा.

आणि एके सकाळी साहेब रानातून आले ते दारातूनच ओरडत. "अगं, इकडे ये! आम्हाला जंगल सापडलं! आपल्या गल्लीच्या टोकाला!"

बाई पातेल्यात तोच निळा ढवळत होत्या. त्यांचा हात थांबला.

"आणि गंमत ऐक. झाडांना पट्ट्या बांधल्यात! लाल, निळ्या. अर्ध्या काळ्या कागदाच्या. कुणीतरी पद्धतशीर बांधल्यात."

बाईंच्या छातीत धडधडायला लागलं. या वयात धडधडायचं काय कारण, म्हणून त्यांना स्वतःचाच राग आला. पण धडधडलं खरं. आता म्हणतील, हा तर तुझा निळा. आता दारातून आत येतील आणि पातेल्यात बघतील. पातेलं काय, बाईंच्या कोपरापर्यंत दोन्ही हात निळे होते.

साहेबांनी नाक धरलं. "पायवाटेच्या खुणा आहेत त्या. जुन्या कुणा जाणकारानं केलेल्या. चहा टाकतेस ना?"

बाईंनी चहा टाकला. सांगून टाकायला एक वाक्य पुरलं असतं. पण त्या मुळात हट्टी, आणि आता खुन्नसही होती. त्यांनी ठरवलं, आपण तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. बघू हा माणूस बायकोचा हात ओळखतो का. इतक्या वर्षांच्या संसारात एवढी एक गोष्ट आपण मागायची, आणि तीही न बोलता. ओळखलं तर सगळं माफ.

नर्सला तेवढं सांगितलं. ती पोट धरून हसली. "काखेत कळसा नि गावाला वळसा! ताई, दोन दिवसांत ओळखतील."

"बघू," बाई म्हणाल्या.

दोन दिवस गेले, दोन आठवडे गेले, आणि पायवाट मंडळाला विद्वत्तेचं भरतं आलं. लाल म्हणजे अवघड वाट, निळी म्हणजे सोपी, असं प्राचार्यांनी ठरवलं. काळं टोक जिकडे, तिकडे जायचं, असं दाताच्या डॉक्टरांनी ठरवलं. बाईंनी काळं टोक वाऱ्यानं फडफडू नये म्हणून खाली घेतलं होतं, पण आडव्या फांदीवर ते कुठंतरी वळणारच. मंडळ त्या टोकांमागं निघालं आणि मोकळ्या जागेभोवती गोल फिरायला लागलं. एकदा फिरलं, दोनदा फिरलं. तिसऱ्यांदा नळवाला म्हणाला, आपण इथून मघाशी गेलो होतो का? त्यावर साहेबांनी खुलासा केला की हाच तर यातला विचार आहे. तीन फेऱ्या! पहिली शरीरासाठी, दुसरी श्वासासाठी, तिसरी मनासाठी. उचलली जीभ लावली टाळ्याला. पण मंडळींनी टाळ्या वाजवल्या आणि वाटेचं नाव पडलं, तीन फेऱ्यांची पायवाट.

साहेब हे सगळं जेवताना सांगत. बाई वाढत आणि ऐकत.

"आणि किती जुन्या असतील गं त्या खुणा! लाल पट्ट्या तर रंग उडून पार गुलाबी झाल्यात. डॉक्टर म्हणतात, वीस वर्षं तरी झाली असतील."

लाल पट्ट्यांना महिनासुद्धा झाला नव्हता. स्वस्तातला माल, दुसरं काय होणार? बाईंनी मनात रंगाच्या दुकानदाराचं नाव खोडलं आणि विचारलं, "आणि निळ्या?"

"निळ्या म्हणशील तर अजून तशाच आहेत. तेच तर आश्चर्य!" साहेबांनी घास हातात धरून ठेवला. "पूर्वीच्या माणसांचं कामच वेगळं. हल्ली असा पक्का रंग कुणाला जमतो?"

बाईंनी भांडं इतकं जोरात ठेवलं की झाकण खाली पडलं. साहेबांनी ते उचलून दिलं, हे सांगायलाच हवं. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. हा आपला आंधळा, आणि वर दुर्बीण गळ्यात.

बाईंनी त्यांना संधी कमी दिली नाही. निळ्या पट्ट्या दोरीवर वाळत घातल्या, त्याही अशा की साहेबांना वाकून जावं लागेल. साहेब वाकून गेले. काळ्या कागदाचे कपटे बैठकीच्या टेबलावर ठेवले. साहेबांनी त्यातला एक दुर्बिणीची काच पुसायला घेतला, कागदानं ओरखडे पडतील म्हणून परत ठेवला. एकदा तर बाई सरळ म्हणाल्या, "मीही येते तुमच्या रानात." साहेब काळजीनं म्हणाले, "तुला झेपायचं नाही. वाट अवघड आहे, चुकायला होतं." ज्या वाटेनं बाई भर उन्हात शिडी खांद्यावर घेऊन जात, ती वाट. त्या रात्री बाईंना झोप लागली नाही. राग होताच, पण रागाच्या खाली वाईट वाटत होतं, आणि ते जास्त वाईट होतं.

मग बोर्ड आला. मंडळानं ठरवलं की ज्या थोर पुरुषानं ही वाट आखली, त्याच्या नावे एक फलक लावायचा. पुरुष, हे धरूनच चालले होते. साहेबांचं तर मत होतं की तो सैन्यातला असणार, कारण गाठी सगळ्या एकसारख्या होत्या. आणि इतक्या वर्षांत कुणाला दिसला नाही, म्हणजे तो बिचारा आता हयात नसणार. उद्यान खात्याचा अधिकारी येणार, फलकावरचं कापड ओढणार, फोटो निघणार. आयत्या बिळावर नागोबा होताच, आता त्याला फणाही फुटला.

"एक काम होतं तुझ्याकडे," साहेब दाराशी येऊन नाक धरून म्हणाले. मागच्या खोलीत काही काम आहे म्हणून ते येण्याची ही पहिलीच वेळ. "फलक झाकायला कापड हवंय. त्या खुणांसारखं निळं. अगदी तसं नाही झालं तरी चालेल, जवळपास. जमेल का तुला?"

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. चेष्टा करतायत की काय? नाही. डोळ्यांत चेष्टा नव्हती, नुसती काळजी होती, की बायकोला जमेल की नाही.

"बघते प्रयत्न करून," बाई म्हणाल्या.

त्यांनी ते कापड जीव लावून रंगवलं. खरं म्हणजे जुनं फडकं बुचकळून दिलं असतं तरी चाललं असतं. पण कामात लबाडी करायला हात वळेना. आणि मनात कुठंतरी अजून होतंच, की ते कापड आणि ती पट्टी शेजारी शेजारी आली की तरी याच्या डोक्यात उजेड पडेल. तराजूच्या दोन पारड्यांत दोन वस्तू ठेवून बघायची सवय असलेला माणूस. यापेक्षा सोपं आता काय करायचं राहिलं?

कार्यक्रमाच्या सकाळी बाई गेल्या. सोबत पिशवी घेतली होती, कारण पट्ट्यांची मुदत त्याच दिवशी संपत होती आणि सभागृहवाले दुपारी रंग बघायला येणार होते. मोकळ्या जागेत खुर्च्या मांडल्या होत्या. डॉक्टरांनी शिट्टी वाजवून लोकांना शांत केलं, खारींना सोडून सगळे शांत झाले. साहेबांनी भाषण केलं. निसर्ग आपल्या दारात असतो, पण बघायला नजर लागते, असं ते म्हणाले. नजर लागते! शेजारी बसलेल्या नर्सनं बाईंच्या दंडाला चिमटा काढला. बाई समोर बघत राहिल्या.

अधिकाऱ्यानं कापड ओढलं. फलकावर लिहिलं होतं: ही पायवाट दाखवून देणाऱ्या अज्ञात वनप्रेमी सद्गृहस्थांच्या स्मरणार्थ.

टाळ्या झाल्या. अधिकारी तरुण होता, चौकस होता. हातातलं कापड घेऊन तो जवळच्या फांदीपाशी गेला आणि पट्टीशेजारी धरून बघू लागला. "अहो, हे तर हुबेहूब आहे! काडीचा फरक नाही. कुणी केलंय हे?"

सगळ्यांनी बघितलं. साहेबांनीही बघितलं. पट्टी बघितली, कापड बघितलं, परत पट्टी बघितली.

"आमच्या घरचं काम आहे," साहेब अभिमानानं म्हणाले. "हिला नक्कल बरी जमते."

बाई उठल्या. त्यांनी पहिल्या झाडापाशी जाऊन पट्टीची गाठ सोडली आणि पट्टी पिशवीत टाकली. मग दुसरी सोडली.

"अगं, अगं, हात लावू नकोस!" साहेब धावले. "ठेवा आहे तो! काय करतेस?"

"माझ्या आहेत," बाई म्हणाल्या. "दुपारी गिऱ्हाईक येणार आहे."

कुणाला काही कळेना. डॉक्टर म्हणाले, "वहिनी, चेष्टा करू नका." तेव्हा बाईंनी एक निळी पट्टी घेतली, दातानं दोरा तोडला, काळा कागद उसवला आणि सगळ्यांपुढे धरली. झाकलेला भाग आणि उघडा भाग, एकच निळा. मग लाल पट्टी उसवली. खाली लालभडक, वर गुलाबी. "हा रंग उतरला. हा टिकला. टिकलेला पडद्यांना द्यायचा, एवढंच आहे. त्यासाठी ऊन लागतं. ऊन या जागेभोवती गोल फिरतं, म्हणून मी पट्ट्या गोल बांधल्या, आणि तुम्ही त्यांच्या मागं गोल फिरलात. दोन महिन्यांपूर्वी बांधल्यात. वीस वर्षं नाही झाली."

प्राचार्यांनी तोंडाला पदर लावला. नळवाला खाली बघून जमीन उकरू लागला. अधिकारी तेवढा हसला, आणि मग त्यालाही वाटलं की हसायला नको होतं.

साहेब पुढे आले. त्यांनी बाईंच्या हातातली निळी पट्टी घेतली, उजेडात धरली, अंगठ्यानं चोळून बघितली, अंगठा बघितला. अंगठ्याला काही लागलं नव्हतं. "हा निळा तू केलास?" त्यांनी हळू विचारलं.

"हो."

साहेब बराच वेळ पट्टीकडे बघत होते. बाईही वाट बघत होत्या. चुकलं म्हणू नका, छान म्हणू नका, पण काहीतरी म्हणा. एवढ्या लोकांत अवघडत असेल तर नुसतं माझ्याकडे बघा. बाईंनी तेवढ्यावरही समाधान मानलं असतं. इतकी वर्षं मानलंच होतं.

साहेब वळले ते डॉक्टरांकडे. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या. "मग आता या बोर्डाचं काय करायचं?"

बाईंनी त्यांच्या हातातली पट्टी काढून घेतली, घडी केली आणि पिशवीत ठेवली.

"राहू दे की बोर्ड," त्या म्हणाल्या. "सद्गृहस्थ तेवढं खोडा. अज्ञात लिहिलंय, ते बरोबर आहे."

आणि त्या पुढच्या झाडाकडे गेल्या, कारण पट्ट्या अजून बऱ्याच सोडायच्या होत्या.